सोफ्यावरचे निळे गोळे: कापड विरतं कसं आणि त्याला गोळे येतात कसे

 

थंडी सुरू झाली आहे, कपाटातले स्वेटर बाहेर निघाले आहेत, आणि गेल्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच तक्रार कळवली आहे: ‘मुलांच्या शाळेची नवी जर्सी, एवढे पैसे मोजून घेतलेली, महिन्याभरात तिला गोळे आले. कापड हलकं दिलं का?’ आज त्यावरच बोलायचं आहे. पण सुरुवात जर्सीपासून नाही, माझ्याच घरातल्या सोफ्यापासून करते.

गेल्या वर्षी आम्ही नवा सोफा घेतला. सायीच्या रंगाचा, हाताला मऊ. दुकानातल्या माणसाने कापडाचं लेबल दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘मार्टिनडेल ४०,०००’. तो म्हणाला, हे कापड हॉटेलातसुद्धा वापरतात, घरात तर तुम्हाला बघायलाच नको. आम्ही खूश.

ऑक्टोबरात माझे सासरे, आमचे आप्पा, इचलकरंजीहून सहा महिन्यांसाठी आले. आप्पांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आणि आम्ही राहतो खऱ्या मँचेस्टरला. त्यामुळे विमानतळावर उतरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘आता बघू या मूळ गाव कसं आहे ते.’ इथल्या गारठ्यासाठी त्यांना एक निळा स्वेटर घेतला. तो घालून, सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा धरून, ते दुपारभर क्रिकेट बघायचे.

जानेवारीत त्या कोपऱ्यात बारीक गोळे दिसायला लागले. गंमत म्हणजे सोफा सायीच्या रंगाचा आणि गोळे निळसर! दुकानात फोन केला. तिकडून उत्तर आलं की कापड चाचणीत पास झालेलं आहे, हा वापराचा परिणाम आहे. फोन स्पीकरवर होता. आप्पांना इंग्रजी सगळं समजत नाही, पण तेवढं समजलं. दुसऱ्या दिवसापासून ते जेवणाच्या टेबलाजवळच्या लाकडी खुर्चीवर बसायला लागले. विचारलं तर म्हणाले, ‘पाठीला बरं पडतं.’

आपल्यापैकी ज्यांच्याकडे आई-वडील, सासू-सासरे असे सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना हे लगेच कळेल. मुलांच्या घरी आपल्यामुळे काही खराब झालं, ही भावना त्या पिढीला फार लागते. म्हणून मी ठरवलं की हे ४०,००० म्हणजे नक्की काय, ते समजून घ्यायचं. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

[संगीत]

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी करू. कापड विरणं ही एक गोष्ट आणि कापडाला गोळे येणं ही दुसरी. आपण दोन्हींना मिळून ‘कापड खराब झालं’ म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र या दोन वेगळ्या चाचण्या असतात. एकीत पहिला आलेला दुसरीत नापास होऊ शकतो. आमच्या सोफ्याच्या लेबलावर फक्त पहिल्या चाचणीचा निकाल होता.

विरणं आपल्याला चांगलं माहीत आहे. आजीचं सुती लुगडं वर्षानुवर्षं धुऊन, नेसून इतकं विरायचं की उजेडाकडे धरलं तर आरपार दिसायचं. मग ते गोधडीत जायचं. पँट गुडघ्यावर विरते, शर्ट कॉलरच्या घडीवर विरतो. घर्षणाने धाग्यातले तंतू तुटत जातात, धागा बारीक होतो आणि शेवटी तुटतो. हे किती लवकर होईल ते बघायची जी चाचणी जगभर सर्वांत जास्त वापरली जाते, ती जन्मली आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर.

पेनाईन डोंगर ओलांडून मँचेस्टरहून लीड्सला जाता येतं. लीड्सला लोकर उद्योगाची एक संशोधन संस्था होती. संस्था साधीसुधी नव्हे. तिथेच १९४१ साली आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी क्रोमॅटोग्राफीची नवी पद्धत शोधली आणि १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. याच संस्थेतल्या जे. जी. मार्टिनडेल यांनी १९४२ मध्ये कापड घासून झिजवणाऱ्या एका नव्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. आज जगातल्या कुठल्याही कापड प्रयोगशाळेत गेलात तर ‘मार्टिनडेल’ हे त्या यंत्राचंच नाव आहे. आपल्याकडेही ते आहे. मुंबईत घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे, तिथे कापडाच्या अशा चाचण्या होतात.

यंत्र चालतं कसं? ज्या कापडाची परीक्षा घ्यायची त्याचा ३८ मिलिमीटर व्यासाचा गोल तुकडा कापतात. तो एका धारकात घट्ट बसवतात. बसवल्यावर घासणारा भाग साधारण दोन पौंडांच्या नाण्याएवढा राहतो. खाली टेबलावर नमद्याची पातळ गादी आणि तिच्यावर ठरावीक प्रतीचं लोकरीचं कापड ताणून लावलेलं असतं. धारकावर वजन ठेवतात. अंगावरच्या कपड्यांसाठी जवळपास ६०० ग्रॅम, आणि सोफ्याच्या किंवा कामगारांच्या गणवेशाच्या कापडासाठी जवळपास ८०० ग्रॅम. मग यंत्र सुरू केलं की तो तुकडा लोकरीवर घासत फिरतो.

तो नुसता मागे-पुढे फिरत नाही. फिरता फिरता त्याचा मार्ग आधी सरळ रेषेसारखा असतो, मग ती रेषा हळूहळू फुगून लंबगोल होते, मग पुन्हा बारीक होत होत आडव्या बाजूची रेषा बनते. बघत राहिलं तर कोणी रांगोळीच्या रेषा ओढतंय असं वाटतं. असं करण्याचं कारण सोपं आहे. आपण सोफ्यावर बसतो, सरकतो, वळतो, उठतो. घर्षण सगळ्या दिशांनी होतं. नुसतं उभ्या दिशेने घासलं तर उभे धागे एका तऱ्हेने झिजतील आणि आडवे धागे दुसऱ्या तऱ्हेने, आणि निकाल फसवा येईल.

मधूनमधून यंत्र थांबवून भिंगाखाली तुकडा तपासतात. विणलेल्या, म्हणजे मागावरच्या कापडाचे दोन वेगळे धागे पूर्ण तुटले की खेळ संपला. सुयांवर विणलेल्या जर्सीच्या कापडात एक धागा तुटून भोक पडलं तरी संपला. तोपर्यंत जितके घासे झाले, तो आकडा लेबलावर येतो. यंत्र मिनिटाला साधारण ४७ घासे करतं. म्हणजे आमच्या सोफ्याचं कापड जवळजवळ १४ तास अखंड घासलं गेलं आणि तरी त्याचे दोन धागे तुटले नाहीत.

इथल्या सोफ्याच्या बाजारात साधारण असा हिशेब धरतात: १०,००० च्या खाली असेल तर शोभेच्या उशांपुरतं. १५,००० पर्यंत कमी वापराच्या खोलीसाठी. १५,००० ते २५,००० रोजच्या घरगुती वापरासाठी. २५,००० ते ३०,००० भरपूर वापरासाठी, म्हणजे मुलं आणि पाहुणे असलेल्या आपल्यासारख्या घरांसाठी. आणि ३०,००० च्या वर हॉटेल, ऑफिस, प्रतीक्षालय वगैरे. तेव्हा दुकानदार खोटं बोलला नव्हता.

पण इथे दोन गैरसमज होतात. पहिला असा की ४०,००० म्हणजे ४०,००० वेळा बसता येईल. तसं नाही. एकदा बसून उठण्यात किती घर्षण होतं ते माणसावर, कपड्यांवर, बसण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. हा आकडा दोन कापडांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी आहे. दुसरा गैरसमज असा की आकडा जितका मोठा तितकं कापड सगळ्याच बाबतींत चांगलं. उन्हात रंग उडेल का, डाग निघेल का, शिवणीत उसवेल का, आणि गोळे येतील का, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर या आकड्यात नसतं.

अमेरिकेतल्या आपल्या श्रोत्यांसाठी एक सूचना. तुमच्याकडे लेबलावर बहुधा ‘डबल रब्ज’ लिहिलेलं असतं. ती वायझेनबीक नावाची वेगळी चाचणी आहे. त्यात कापड ताणून धरतात आणि त्याच्यावर जाडं सुती कापड किंवा तारेची जाळी लावलेला वक्र भाग मागे-पुढे घासतात. एकदा जाऊन परत आलं की एक डबल रब. तिकडे घरगुती वापरासाठी १५,००० आणि जास्त वर्दळीच्या जागांसाठी ३०,००० डबल रब्ज पुरेसे धरतात. मार्टिनडेलचा आकडा दोनाने भागून किंवा गुणून डबल रब्ज मिळत नाहीत. एका कापडाचा निकाल एका यंत्रावर उत्तम आणि दुसऱ्यावर बेताचा असं होऊ शकतं. तेव्हा भावाने न्यू जर्सीत घेतलेला सोफा आणि तुम्ही लंडनमध्ये घेतलेला सोफा यांचे आकडे एकमेकांशी लावू नका.

[संगीत]

आता गोळ्यांकडे येऊ.

धागा म्हणजे असंख्य बारीक तंतूंना एकत्र धरून दिलेला पीळ. प्रत्येक तंतूला दोन टोकं असतात. कापड घासलं गेलं की काही टोकं धाग्यातून सुटून वर येतात. कापडाला लव आल्यासारखी दिसते ती हीच. ही लव आणखी घासली गेली की शेजारशेजारचे तंतू एकमेकांत अडकतात. न विंचरलेल्या केसांचा गुंता होतो ना, अगदी तसाच. त्या गुंत्याचा गोळा होतो. आणि तो कापडावर टिकून राहतो, कारण गोळ्यातल्या काही तंतूंचं दुसरं टोक अजून धाग्यात घट्ट असतं. गोळा त्या तंतूंच्या दोऱ्यांना लटकलेला असतो.

आता पुढे काय होईल ते त्या दोऱ्यांच्या ताकदीवर ठरतं. तंतू कमजोर असेल तर रोजच्या घर्षणाने तो तुटतो आणि गोळा गळून पडतो. तंतू मजबूत असेल तर तो तुटत नाही, गोळा तिथेच राहतो, वर नवे गोळे येतात. म्हणजे कापडावर गोळे साठतात ते बहुतेक वेळा कापड हलकं असल्यामुळे नाही, तर तंतू दणकट असल्यामुळे. मला स्वतःला हे ऐकून आधी खरं वाटलं नव्हतं.

याचा इतिहासही याच भागातला आहे. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधल्या जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये एक नवा कृत्रिम तंतू शोधला. त्याचं नाव टेरिलीन. आपल्याकडच्या जुन्या पिढीला टेरिलीन आणि टेरिकॉटचे शर्ट आठवत असतील. इस्त्री मोडत नाही, लवकर वाळतो, फाटता फाटत नाही, म्हणून त्याचं केवढं कौतुक होतं! आज आपण त्याच प्रकारच्या तंतूला पॉलिएस्टर म्हणतो. लोकरीला पूर्वीही गोळे येत, पण लोकरीचा तंतू मानाने कमजोर, त्यामुळे बरेचसे गोळे वापरात गळून जात. पॉलिएस्टर आणि नायलॉनसारखे मजबूत तंतू लोकरीत, सुतात मिसळायला लागल्यावर गोळे गळेनासे झाले. मग गोळ्यांची स्वतंत्र चाचणी हवी झाली. टेरिलीन बनवणाऱ्या आयसीआय कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी एक पेटी आजही त्यासाठी वापरतात. तिच्याकडे मी थोड्या वेळात येते.

याचा पुढचा भाग आणखी मजेदार आहे. गोळे कमी यावेत म्हणून कारखान्यांत आता एक खास पॉलिएस्टर बनवतात. त्याचं वैशिष्ट्य काय, तर ते मुद्दाम थोडं कमजोर ठेवलेलं असतं! म्हणजे गोळा झाला तरी लवकर तुटून पडावा. टिकाऊपणा थोडा सोडायचा आणि दिसणं राखायचं, असा तो सौदा आहे. ४०,००० चा आकडा आणि गुळगुळीत सोफा या दोन मागण्या कधी कधी एकमेकींच्या विरुद्ध कशा जातात ते यावरून लक्षात येईल.

तंतूची ताकद सोडून आणखी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, तंतूची लांबी. तंतू आखूड असतील तर तेवढ्याच धाग्यात टोकं जास्त, म्हणजे बाहेर यायला उमेदवार जास्त. लांब तंतूंना टोकं कमी. पैठणीला गोळे का येत नाहीत? कारण रेशमाच्या एका कोशातून शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू निघतो, त्याला मधे टोकंच नाहीत. दुसरी गोष्ट, पीळ. पीळ घट्ट असेल तर तंतू सहज सुटत नाही. पण घट्ट पिळाचं सूत हाताला कडक लागतं. दुकानात हात लावल्यावर जो स्वेटर लोण्यासारखा मऊ वाटतो, त्याच्या सुताला पीळ बहुधा कमी असतो, आणि गोळे त्यालाच आधी येतात. तिसरी गोष्ट, वीण. घट्ट विणीत तंतू दाबलेले राहतात, सैल विणीत मोकळे असतात. म्हणून मागावरच्या कापडापेक्षा जर्सीला गोळे जास्त.

शाळेच्या जर्सीचं कोडं इथे सुटतं. बहुतेक जर्सी अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर किंवा त्यांच्या सुताबरोबरच्या मिश्रणाच्या असतात. मशीनमध्ये धुता याव्यात, भोकं पडू नयेत, म्हणून. आणि मुलं पाठीवर दप्तर अडकवतात, बाकावर कोपरं घासतात. जर्सी नीट बघा. गोळे दप्तराच्या पट्ट्याखाली, काखेत, कोपरांवर आणि बाह्यांच्या टोकांना असतील. छातीवर फारसे नसतील.

[संगीत]

पण आमच्या सोफ्याचे गोळे निळे का होते? हे आप्पांनीच शोधून काढलं.

आप्पांच्या बॅगेत एक घडीचं छोटं भिंग कायम असतं. मागवाले ते कापडावर ठेवून इंचात किती धागे बसलेत ते मोजतात. एका सकाळी मी खाली आले तर आप्पा जमिनीवर बसलेले, भिंग सोफ्याला लावलेलं, हातात सुई. त्यांनी एक गोळा सुईने हलकेच उलगडला होता. मला म्हणाले, ‘हे बघ. बाहेरचे निळे तंतू माझ्या स्वेटरचे आहेत. आणि आत हे दोन-तीन पांढरे आहेत ना, ते सोफ्याचे. पांढऱ्यांनी निळ्यांना धरून ठेवलंय.’ मग सोफ्याच्या कडेचा एक धागा बघून म्हणाले, ‘सूत चांगलं आहे, पण पीळ फार कमी घेतलाय. मऊ लागावं म्हणून.’

नंतर वाचल्यावर कळलं की फर्निचरच्या धंद्यात हा प्रकार नेहमीचा आहे. बसणाऱ्याच्या कपड्यांमधून, शालीतून, पांघरुणातून सुटलेले तंतू सोफ्यावर पडतात. सोफ्याच्या कापडाची स्वतःची लव त्यांना पकडते. दोघांचा मिळून गोळा होतो. नवा स्वेटर सुरुवातीला तंतू जास्त सोडतो, नव्या सोफ्यालाही सुरुवातीला लव जास्त असते. आमच्याकडे दोन्ही नवे होते. यात बसणाऱ्याचा दोष कुठे आला? सोफा बसण्यासाठीच असतो. मी आप्पांना तसं म्हटलं. त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं आणि ‘चहा टाक’ म्हणाले.

आता गोळ्यांची चाचणी कशी करतात ते सांगते. तीन पद्धती जास्त चालतात. पहिली म्हणजे ती पेटी. आतून बुचाचं, म्हणजे कॉर्कचं अस्तर लावलेली चौकोनी पेटी. कापडाचे तुकडे रबरासारख्या नळ्यांवर चढवून तिच्यात टाकतात आणि पेटी मिनिटाला ६० फेरे या वेगाने काही तास फिरवतात. नळ्या आत आपटत, घरंगळत राहतात. दुसरी पद्धत मार्टिनडेल यंत्रावरचीच, पण वजन आणि मांडणी वेगळी. कपड्यांच्या चाचणीत कापड स्वतःवरच घासतात. तिसरी अमेरिकेत जास्त वापरतात. कॉर्कचं अस्तर असलेल्या गोल डब्यात पाती गरगर फिरतात आणि कापडाचे तुकडे भिरभिरत ठेवतात. या तिसऱ्या पद्धतीत डब्यात मुद्दाम कापसाचे आखूड तंतू टाकतात, म्हणजे बाहेरचे तंतू पकडून गोळे होतात का तेही कळतं. आप्पांच्या निळ्या स्वेटरची आठवण झाली ना?

या सगळ्यांचा निकाल आकडा मोजून लागत नाही, डोळ्यांनी लागतो. ठरावीक प्रकाशात तपासनीस तुकडा बघतात आणि ५ ते १ अशी श्रेणी देतात. ५ म्हणजे काही फरक नाही. ४ म्हणजे थोडी लव, गोळे जेमतेम सुरू झालेले. ३ म्हणजे मध्यम. २ म्हणजे ठळक गोळे. १ म्हणजे गोळ्यांनी भरलेलं. मधल्या ३-४, ४-५ अशा श्रेणीही असतात. चांगले विक्रेते साधारण ३-४ किंवा ४ ची अपेक्षा ठेवतात.

आणखी एक फरक लक्षात घ्या. विरण्याची चाचणी हजारो घाशांनंतर, शेवटी काय झालं ते बघते. गोळ्यांची मार्टिनडेल चाचणी पहिल्या काही हजार घाशांतच, टप्प्याटप्प्याने बघते. सोफ्याच्या कापडासाठी ५००, १,०००, २,००० आणि ५,००० वर. कारण गोळे सुरुवातीला वाढतात, आणि मोकळे तंतू संपत आले की कमी व्हायला लागतात. म्हणून एखादं कापड २,००० वर वाईट दिसेल आणि पुढे ४०,००० पर्यंत धडधाकट टिकेल. दोन्ही निकाल खरे.

मी दुकानाला लेखी विचारलं की गोळ्यांची श्रेणी कळवा. आठवड्याने कागद आला. विरणं: ४०,०००. गोळे: ३. हा दुसरा आकडा विकताना कोणी सांगितला नव्हता, आणि आम्ही विचारलाही नव्हता. त्यांनी एक माणूस पाठवून सोफा यंत्राने साफ करून दिला. दोन महिन्यांनी आम्ही घरी पुन्हा एकदा केला. त्यानंतर गोळे फार आले नाहीत.

[संगीत]

तर मंडळी, आता घरी उपयोगी पडतील अशा गोष्टी.

खरेदी करताना सोफ्यासाठी दोन आकडे विचारा: घाशांचा आणि गोळ्यांच्या श्रेणीचा. कापडाचा नमुना बहुतेक दुकानं फुकट देतात. तो घरी आणून स्वतःच्या लोकरी स्वेटरवर पाच-दहा मिनिटं गोल गोल घासा. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण दोन-तीन नमुने सारख्याच पद्धतीने घासले तर आपसांत कोणता बरा ते कळतं. जर्सी घेताना ती उजेडात तिरकी धरून बघा. नव्या कपड्यालाच लव दिसत असेल तर गोळे लवकर येणार. जुन्या कपड्यांच्या दुकानातून मुलांसाठी घेत असाल तर काख आणि कोपर बघा. तिथे साफ असेल तर तो कपडा तुमच्या घरीही बहुधा साफ राहील.

धुताना कपडा उलटा करा. जीन्स, टॉवेल, चेनचे कपडे यांच्याबरोबर टाकू नका. मशीन ठासून भरू नका. हलक्या आणि छोट्या फेरीवर धुवा, आणि जमेल तेव्हा ड्रायरऐवजी दोरीवर वाळवा. ड्रायरच्या जाळीत जो कापूस साठतो तो आपल्याच कपड्यांचा असतो.

गोळे आले तर नखाने ओढू नका. ओढल्यावर गोळ्याबरोबर धाग्यातले आणखी तंतू बाहेर येतात आणि पुढच्या गोळ्याची तयारी होते. गोळे कापायचं छोटं मशीन मिळतं. कपडा सपाट पसरून, न दाबता फिरवा. शिवणीजवळ जपून.

आणि तक्रारीबद्दल. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू समाधानकारक दर्जाची असावी लागते, आणि टिकाऊपणा हा दर्जाचाच भाग धरलेला आहे. सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो विकतानाच होता असं साधारणपणे धरतात, नव्हता हे सिद्ध करणं दुकानाचं काम. थोडे गोळे म्हणजे दोष, असं कोणी लगेच मान्य करणार नाही. पण दोन आठवड्यांत जर्सी गोळ्यांनी भरली असेल तर फोटो काढा, पावती ठेवा आणि लेखी विचारा: या कापडाची गोळ्यांची चाचणी झाली आहे का, श्रेणी काय? ‘वापराचा परिणाम’ या उत्तरावर गप्प बसू नका. आखातात किंवा अमेरिकेत असाल तर तिथले नियम वेगळे आहेत, पण हा प्रश्न सगळीकडे विचारता येतो.

आप्पा एप्रिलमध्ये परत गेले. त्याआधीचे दोन महिने ते पुन्हा त्या कोपऱ्यातच बसत होते, खाली सोलापुरी चादर घालून. चादर त्यांनी स्वतःच पसरली, मी काही म्हटलं नाही. जाताना भिंग नातीला दिलं. तिने आतापर्यंत तिची जर्सी, मांजराचं अंथरूण आणि माझी एक शाल तपासून झाली आहे. शालीला तिने दोन श्रेणी दिली. यंदा दिवाळीनंतर आप्पा पुन्हा येताहेत, तेव्हा ती श्रेणी बरोबर आहे की नाही ते ठरेल.

तुमच्या घरात असा एखादा कपडा असेल, ज्याला कधीच गोळे आले नाहीत किंवा जो एका धुण्यात गेला, तर त्याच्या लेबलावर कोणते तंतू लिहिलेत ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात त्यांतली काही पत्रं वाचू. तोपर्यंत काळजी घ्या, उबदार राहा. नमस्कार!